तळपायांची आग आणि बधिर बोटं: काय कमी होतं, काय सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपासून दोन्ही तळपायांची रात्री आग होते, बोटं बधिर आहेत, मधूनच करंट बसल्यासारखं होतं. मधुमेह आहे. व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या, साध्या वेदनाशामक गोळ्या झाल्या, फरक नाही. हे बरं होतं का, आणि तोवर दिवस कसे काढायचे?

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला त्रास एक नाही, दोन आहेत. आग, टोचणी, करंट ही नसांमधल्या जखमी झालेल्या तंतूंची ओरड. बधिरपणा म्हणजे गप्प पडलेले तंतू. वेदनेची औषधं ओरड कमी करतात, गप्प पडलेल्या तंतूला ती बोलतं करत नाहीत. आणि पाय जायची वेळ येते ती या दुसऱ्या त्रासामुळे. म्हणूनच ‘आग थांबली, आता नस सुधारली’ असं धरून चालणं धोक्याचं आहे. तंतू बरे झाले तरी आग थांबते आणि पुरते मेले तरी थांबते. कुठलं झालं ते स्पर्श परत आला का यावरून ठरतं.

ते घरी तपासता येतं. पाय मोकळे करून डोळे मिटून पडा. दुसऱ्या कुणीतरी तर्जनीच्या टोकाने अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशी दोन्ही पावलांची मिळून ६ टोकांना एकेक करून नुसता स्पर्श करायचा. एक-दोन सेकंद, पिसासारखं हलकं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही. स्पर्श जाणवला की ‘डावा’ किंवा ‘उजवा’ एवढंच म्हणायचं. सहापैकी २ किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तुमचे पाय जोखमीचे समजा. सगळ्यात जास्त चूक होते ती दाबण्यात: खोलवरचा दाब बराच काळ कळत राहतो आणि ‘सगळं ठीक आहे’ असं वाटतं. दवाखान्यात हीच गोष्ट १० ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉन धाग्याने आणि १२८ हर्ट्‌झच्या कंपन-काट्याने तपासतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी.

पायच का? पावलाच्या टोकापर्यंत जाणारा तंतू कमरेजवळच्या पेशीतून निघतो, म्हणजे मोठ्या माणसात जवळजवळ १ मीटर लांब. त्याला लागणारा सगळा माल त्या एकाच पेशीतून वाहून न्यावा लागतो. पुरवठ्यात खोट आली की शेवटचं टोक आधी उपाशी राहतं. म्हणून सुरुवात बोटांच्या शेंड्यांपासून, दोन्ही पायांत साधारण सारखी, मग मोजा चढवल्यासारखी वर. बधिरपणा गुडघ्याजवळ पोचतो तेव्हा हातांची बोटं सुरू होतात. हा क्रम मोडला, म्हणजे एकच पाय, हात आधी, बधिरपणापेक्षा अशक्तपणा जास्त, किंवा महिन्यांऐवजी दिवसांत वाढ, तर मधुमेहावर ढकलून मोकळं होऊ नका. ते वेगळं दुखणं असू शकतं. हात आधी बधिर झाले तर मनगटात दबलेली नस, मान किंवा बी-१२ यांकडे बघावं लागतं.

कारण शोधताना. मधुमेह आहे म्हणजे कारण सापडलं, ही या दुखण्यातली नेहमीची घाई. मधुमेह असलेल्या माणसालाही दुसरी कारणं असतात, आणि त्यातली काही सुधारता येतात. पहिल्या फेरीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, पूर्ण रक्तगणना आणि रक्तातल्या प्रथिनांची इम्युनोफिक्सेशनसह इलेक्ट्रोफोरेसिस एवढ्या चाचण्या झाल्या का ते बघा. शेवटची चाचणी रक्तात एखादं विकृत प्रथिन आहे का ते दाखवते, आणि तीच बऱ्याचदा राहून जाते. मधुमेहाचं निदान झालेलंच नाही आणि एचबीए१सी ठीक आहे, अशा वाचकांनी ग्लुकोज पिऊन २ तासांनी साखर बघायची चाचणीही करून घ्यावी. दारू किती आणि किती वर्षं, हे डॉक्टरांना खरं सांगा. ती तंतूंवर थेट विषासारखी काम करते.

बी-१२ बद्दल जरा जास्त. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने त्याचं शोषण कमी होतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, पोटाची शस्त्रक्रिया झाली असली, किंवा आहारात प्राणिजन्य काहीच नसलं, तरी बी-१२ कमी पडतं. पातळी मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असली तर कमतरता स्पष्टच. २०० ते ३०० च्या दरम्यान असली तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नका, मिथाइलमॅलोनिक आम्ल (बी-१२ कमी पडलं की हे रक्तात वाढतं) तपासून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ चांगलं, असा हिशेब चुकतो, कारण नसांचा त्रास रक्त कमी होण्याआधीही सुरू होऊ शकतो. आणि बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक आम्ल घेतलं तर रक्त सुधारतं, नसा मात्र बिघडत राहतात.

आता त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. पाकिटाच्या मागे पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती मिलिग्रॅम आहे ते वाचा. बी-६ जास्त झालं तर तेच नसा खराब करतं, आणि लक्षणं हुबेहूब अशीच असतात. ५० मिग्रॅच्या खालच्या रोजच्या मात्रेवरही दीर्घकाळात असे रुग्ण नोंदलेले आहेत. एक ‘नसांची’ गोळी, एक मल्टिव्हिटॅमिन, एक एनर्जीची पावडर, तिन्हींत बी-६. बेरीज केली की आकडा मोठा निघतो. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडबरोबर बी-६ मुद्दाम देतात, ते आपल्या मनाने बंद करू नका. बाकी कुणालाही बी-६ चा मोठा डोस महिनोन्‌महिने घ्यायचं कारण नाही.

औषधांमुळेही हे होतं: कर्करोगावरची व्हिंक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झालिप्लॅटिन, बोर्टेझोमिब, शिवाय जंतुसंसर्गावरचं लांबलेलं मेट्रोनिडाझोल, नायट्रोफ्युरँटॉइन, हृदयाच्या ठोक्यांवरचं अमिओडॅरोन. तुमच्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

‘नसांची चाचणी नॉर्मल आली, म्हणजे मनाचे खेळ’ असं ऐकावं लागलेले लोक पुष्कळ आहेत. नर्व्ह कंडक्शन चाचणी फक्त जाड तंतू मोजते. आग आणि उष्ण-थंड वाहून नेणारे तंतू बारीक असतात, तिला ते दिसतच नाहीत. गरज पडली तर घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून १० सेंमी वर ३ मिमीचा कातडीचा तुकडा घेऊन तंतूंची दाटी मोजतात.

साखरेबाबत एक इशारा. ती आटोक्यात आणायचीच, पण बरीच वर्षं चढी असलेली साखर एकदम खाली खेचली, म्हणजे ३ महिन्यांत एचबीए१सी २ ते ३ अंकांहून जास्त घसरलं, तर काहींना नव्याने भयंकर आग सुरू होते. लोक घाबरून उपचारच सोडतात. हा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत ओसरतो. उतरण बेताची ठेवा, उपचार सोडू नका. टाइप १ मध्ये साखर काटेकोर ठेवल्याचा नसांना मोठा फायदा होतो. टाइप २ मध्ये तो कमी आहे, तिथे वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी आणि चालणं यांचाही वाटा धरावा लागतो.

आग कमी करणारी औषधं. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन गटातल्या गोळ्यांनी फरक पडला नाही, यात नवल नाही. त्या सूज आणि इजेच्या वेदनेवर आहेत. इथे बिघाड तारेतच आहे. (मूत्रपिंड नाजूक असलेल्या मधुमेहींनी तर आयब्युप्रोफेन गटातल्या गोळ्या अशा फुकट घेऊच नयेत.) कामाची औषधं तीन प्रकारची आहेत, सगळी डॉक्टरांच्या देखरेखीखालची:

ड्युलोक्सेटिन: ३० मिग्रॅ जेवणाबरोबर, आठवड्याने ६० मिग्रॅ. पहिले आठ-दहा दिवस मळमळ होते, मग बहुतेकांची थांबते. ६० च्या वर गेल्याने सहसा फारसा फायदा वाढत नाही. यकृताचा आजार, जास्त दारू, किंवा मूत्रपिंड खूप खराब असेल तर नको.

प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन: प्रीगॅबालिन रात्री ७५ मिग्रॅपासून, वय जास्त असेल तर २५ पासून, हळूहळू दिवसाला ३०० पर्यंत. गॅबापेंटिन रात्री १०० ते ३०० पासून, सोसेल तसं दिवसाला १८०० च्या आसपास, तीन वेळांत विभागून. एकदम मोठा डोस घेतला तर तो आतड्यातून पूर्ण शोषला जात नाही, म्हणून ही विभागणी. दोन्ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर जातात, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी. गुंगी, तोल जाणं, पायावर सूज, वजन वाढणं हे त्रास. झोपेच्या गोळ्या, दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो.

अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन: झोपायच्या तासभर आधी १० मिग्रॅ, दर आठवड्याला १० ने वाढवत २५ ते ५० पर्यंत. झोप लागत नसेल तर हे सोयीचं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर आधी सांगा.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं? २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑप्शन-डीएम चाचणीत मधुमेही रुग्णांना अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन आलटून पालटून दिली. तिन्ही जवळपास सारखी निघाली, आणि एकट्या औषधाने पुरेसा आराम न पडलेल्यांना दुसरं जोडल्यावर आणखी फायदा झाला. तेव्हा निवड करायची ती तुमच्या बाकीच्या आजारांवरून. मूड खचलेला असेल तर ड्युलोक्सेटिन, झोपेची बोंब असेल तर अमिट्रिप्टिलिन, असं.

‘गोळी लागू पडली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती नीट घेतलेलीच नसते. सुरुवातीचा डोस सवय व्हावी म्हणून असतो, त्याच्यावरच सहा महिने अडकून राहतात. किंवा चौथ्या दिवशी गुंगी आली म्हणून बंद. पुरेशा मात्रेवर पोचल्यापासून ४ ते ६ आठवडे द्या. रोज झोपण्यापूर्वी शून्य ते दहा यात एक आकडा लिहा आणि आठवड्याची सरासरी काढा, नुसत्या आठवणीवर हिशेब ठेवू नका. आकड्यात ३० टक्के घट म्हणजे औषध उपयोगी, ५० टक्के म्हणजे उत्तम. आग शून्यावर यावी ही अपेक्षा ठेवली तर चांगलं औषधही फेकून द्याल. यांतलं कुठलंही औषध एकदम तोडू नका, आठवड्या-आठवड्याने उतरवा. आणि ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असताना कुणी ट्रॅमाडॉल (अफूसारखं काम करणारं वेदनाशामक) दिलं तर आधीची गोळी दाखवा, हे मिश्रण धोक्याचं ठरू शकतं.

गोळ्या सोसत नसतील तर वरून लावायचे उपाय आहेत. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून ३-४ वेळा, न चुकता. पहिला आठवडा-दोन आठवडे आग उलट वाढते आणि लोक तिथेच सोडतात. परिणाम यायला महिना-दीड महिना लागतो, मधेच कधीतरी लावून काही होत नाही. हातमोजा घालून लावा, डोळ्यांना हात लावू नका, फुटलेल्या कातडीवर नको. ८ टक्क्यांची पट्टी दवाखान्यातच लावतात, पावलांवर ३० मिनिटं, परिणाम टिकला तर तीनेक महिने. लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी दिवसातून जास्तीत जास्त १२ तास, अखंड कातडीवर.

रात्र. दिवसभर मन दुसरीकडे असतं, रात्री ते पायांवर येतं. त्यात पांघरुणाची ऊब तंतूंना चिथवते. चादरीचा स्पर्श सोसत नसेल तर पायांकडे पुठ्ठ्याचं मोठं खोकं दोन बाजू कापून कमानीसारखं उभं करा, चादर त्याच्यावरून टाका. नळाच्या साध्या थंड पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवले तर काहींना झोप लागेपर्यंत आराम पडतो. बर्फ मात्र नको, बधिर कातडी गोठते आणि कळत नाही. आग नसून पाय सारखे हलवावेसे वाटत असतील आणि हलवल्याने बरं वाटत असेल, तर ते दुसरंच दुखणं, अस्वस्थ पाय. त्यासाठी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा.

बधिर पाऊल सांभाळणं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होऊ लागलं की डोळ्यांना पायांचं काम करावं लागतं. रोज एका ठराविक वेळी उजेडात बसून तळवा, टाच, बोटांच्या बेचकी बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. बघायचं काय: लाली, फोड, भेग, ओलसर बेचकी, आणि विशेष करून कुरूप किंवा घट्टा. घट्टा म्हणजे तिथे दाब पडतोय याची खूण. त्याच्यात काळसर डाग दिसला तर खाली रक्त साकळलंय, आत जखम तयार होतेय. ब्लेडने कापू नका, कुरुपावरच्या आम्लाच्या पट्ट्या चिकटवू नका. बधिर पायावर त्या चांगली कातडीही जाळतात. तासून घ्यायचं ते जाणकाराकडून.

पाय कोमट पाण्याने धुवा, पाणी ३७ अंशांच्या वर नको. ते हाताच्या कोपराने किंवा थर्मामीटरने तपासा, पायाने नव्हे. बेचकी टिपून कोरड्या करा. तेल किंवा क्रीम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचकीत नको. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. गरम पाण्याची पिशवी, हीटर, तापलेली वाळू किंवा फरशी: यांनी भाजतं, आणि कळतं ते फोड आल्यावर.

बूट घेताना ‘आरामात वाटतात का’ हा निकष तुमच्या उपयोगाचा उरलेला नाही. बधिर पायाला घट्ट बूटच बरे वाटतात, कारण ते जाणवतात. म्हणून मोजा. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढा आणि बूट त्या रेघेवर ठेवा. रेघ कुठेही बाहेर डोकावली तर तो बूट नको. उभं असताना सर्वांत लांब बोटापुढे १ सेंमी जागा हवी. नवे बूट पहिल्या दिवशी तासभर घालून पाय तपासा. अर्ध्या तासानंतरही लाली गेली नाही तर बूट बदला. घालण्यापूर्वी रोज बूट उलटा करून आपटा, मग आत हात घालून तळ आणि शिवण चाचपा. खडा, उचकटलेली टाचणी, दुमडलेलं अस्तर हे सगळं हाताला लागतं, पायाला नाही. घरातही अनवाणी नको.

पूर्वी जखम होऊन गेली असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही तळव्यांच्या त्याच त्याच जागा रोज मोजा. एका पावलाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम सलग दोन दिवस निघाली तर चालणं कमी करा आणि दाखवा. जखम दिसायच्या आधी दाह इथे दिसतो.

तोल. पायाकडून खबर येईनाशी झाली की मेंदू डोळ्यांवर भिस्त ठेवतो. म्हणून अंधारात, आणि तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा असू द्या. व्यायाम रोज १० मिनिटं, भक्कम ओट्यासमोर, हात टेकवून: टाचा उचलणं १० वेळा, एका पावलापुढे दुसरं ठेवून ३० सेकंद उभं राहणं, एका पायावर १० सेकंद, हात न लावता खुर्चीतून उठणं ८-१० वेळा. सोपं झालं की टेकलेली बोटं कमी करत जा. चालणं अवश्य करा, जखम उघडी असेल तेव्हा मात्र नाही. उठताना चक्कर येत असेल तर झोपून आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर आतल्या अवयवांच्या नसाही गुंतल्या असू शकतात. वर सांगितलेल्या गोळ्यांपैकी काही याला भर घालतात, ते डॉक्टरांना कळवा.

थांबायचं नाही अशा गोष्टी. पायावर उघडी जखम: न दुखणारी असली तरी एका दिवसाच्या आत दाखवा. तिच्यावर खरा इलाज म्हणजे दाब काढणं, बऱ्याचदा गुडघ्यापर्यंतचं न निघणारं प्लास्टर. नुसतं मलम लावून चालत राहिलं तर ती भरत नाही. एकच पाऊल लाल, गरम, सुजलेलं, आणि जखम नाही: ती शार्को अवस्था असू शकते, हाडं ठिसूळ होऊन पावलाची कमान कोसळते. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून ‘मुरगळलं असेल’ म्हणत चालू नका, त्या पायावर भार टाकणं थांबवा. अशक्तपणा काही दिवसांत पायांपासून वर चढत असेल, गिळायला किंवा श्वासाला जड जात असेल, किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अडली असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

राहिला ‘बरं होतं का’ हा प्रश्न. तुटलेला तंतू वाढायला अनुकूल परिस्थिती असली तरी दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून बोटांपर्यंत वर्षाहून जास्त. मधुमेहात गेलेला स्पर्श पूर्ण परत येणं दुर्मिळ आहे. तिथे मिळवायचं ते म्हणजे वाढ थांबवणं आणि आग निम्म्यावर आणणं. बी-१२, थायरॉइड, दारू किंवा जास्तीचं बी-६ हे कारण लवकर सापडलं आणि काढलं, तर मात्र चांगली सुधारणा होते. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटू शकतात. तेव्हा ‘हे आपल्याला सोसत नाही’ म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.